समुद्रपुरातून समुद्राकडे : एका सूक्ष्म जीवाच्या शोधाचा इतिहास



आमच्या वर्धा जिल्ह्याच्या नकाशात समुद्रपूर नावाचा एक तालुका आहे आणि समुद्र मात्र कोठेच नाही. समुद्र पाहावयाचा तर रेल्वेने रात्रभर प्रवास करून मुंबई गाठावी लागते. अशा कोरड्या मुलखात, वैशाखातील या तापलेल्या संध्याकाळी, समुद्रातील डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जीवाचा इतिहास सांगावयास आम्ही उभे राहिलो आहोत. कापूस, तूर, पाणी आणि कर्ज यांची चिंता वाहणाऱ्या या गावाला त्याचे काय, असे कोणी मनात म्हटले तर त्यात काहीच वावगे नाही. आम्हीही प्रथम स्वतःला हाच प्रश्न केला.

त्याचे उत्तर समुद्रात नव्हे, तर येथून काही मैलांवर सेवाग्रामात सापडते. १९६९ साली डॉ. सुशीला नय्यर यांच्या पुढाकाराने तेथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी राहिली. त्या संस्थेत आपल्या जिल्ह्यातील कर्करोग्यांची नोंद ठेवली जाते. देशातील मोजक्याच जिल्ह्यांत अशी लोकसंख्येवर आधारलेली नोंदवही आहे, आणि २०१२ ते २०१६ या काळाच्या राष्ट्रीय अहवालात मोठमोठ्या शहरांच्या पंक्तीला वर्धा जिल्ह्याचे आकडे बसले आहेत. त्या नोंदवहीतील प्रत्येक ओळ म्हणजे आर्वीचा, हिंगणघाटचा, देवळीचा, समुद्रपूरचा कोणी तरी माणूस आहे. त्याला औषध कोठून मिळते, ते कोणी शोधले आणि कोणाच्या खिशाला परवडते, हे जाणून घेण्याचा आपणांस अधिकार आहे. आजचा विषय त्या वाटेने आपल्या दारापर्यंत येतो.

प्रथम या जीवाची ओळख करून घेऊ. पावसाळ्यात विहिरीच्या पायऱ्यांवर, मोरीच्या कडेला, तळ्याच्या काठी जो निळसर-हिरवा बुळबुळीत थर चढतो, तो आपण सर्वांनी पाहिला आहे. त्यावरून घसरलेलेही येथे काही असतील. आपण त्याला सरसकट शेवाळ म्हणतो. जुन्या वनस्पतिशास्त्रज्ञांनीही त्यातील एका मोठ्या गटाला नील-हरित शैवाल असेच नाव दिले होते. परंतु सूक्ष्मदर्शकाची शक्ती वाढली तेव्हा असे आढळून आले की, या पेशींत वनस्पतींच्या पेशीसारखे केंद्रक नसते. रचनेने हे जीव जीवाणूंचे सगेसोयरे आहेत. म्हणून आता त्यांना सायनोबॅक्टेरिया, म्हणजे नील-हरित जीवाणू म्हणतात. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करण्याची वनस्पतींची कला मात्र त्यांच्याजवळ आहे, नव्हे, ती मुळात त्यांचीच आहे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साचू लागला तो या क्षुद्र जीवांच्या श्रमामुळे. आपण आता घेतलेल्या श्वासातही त्यांचे ऋण आहे.

एवढा पुरातन जीव. त्याला पाय नाहीत, कवच नाही, काटा नाही. माशाने, गोगलगाईने, खेकड्याने त्याला खावे आणि त्याने मुकाट्याने खाल्ले जावे, अशी त्याची स्थिती. मग तो कोट्यवधी वर्षे टिकला कसा? त्याने रसायनशास्त्राचा आश्रय घेतला. आपल्या पेशीत तो नाना प्रकारची कडू, दाहक, विषारी द्रव्ये बनवितो. अशा द्रव्यांची सगळी कामे अजून उलगडलेली नाहीत. पण त्यांतील अनेक भक्षकाला दूर ठेवतात. या द्रव्यांच्या शोधाचा इतिहास म्हणून औषधापासून सुरू होत नाही. तो सुरू होतो विषापासून.

१८७८ साली ऑस्ट्रेलियातील जॉर्ज फ्रान्सिस नावाच्या रसायनज्ञाने 'नेचर' या विख्यात नियतकालिकात एक टिपण प्रसिद्ध केले. तेथील अलेक्झांड्रिना सरोवरावर हिरव्या रंगासारखा दाट थर आला होता आणि ते पाणी प्यालेली मेंढरे, घोडी, गुरे मरून पडत होती. या जीवांच्या विषारीपणाची शास्त्रीय नोंद तेव्हापासून धरली जाते. हे सरोवराचे झाले. समुद्राची कथा ८० वर्षांनी घडली. १९५८ च्या उन्हाळ्यात पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांपैकी ओआहू बेटाच्या किनाऱ्यावर पोहून आलेल्या शंभराहून अधिक माणसांच्या अंगावर भाजल्यासारखे चट्टे उठले. मासा चावला नव्हता, काटा लागला नव्हता. चौकशीअंती दोष आला तो पाण्यात तरंगणाऱ्या, केसांच्या बटेसारख्या दिसणाऱ्या एका तंतुमय नील-हरित जीवाणूवर. त्याचे त्या वेळचे शास्त्रीय नाव लिंग्बिया मॅजुस्क्युला. तो आपल्या भारताच्या किनाऱ्यावरही आढळतो.

आता या कथेत दुसरे पात्र येते. समुद्राच्या उथळ पाण्यात कवच नसलेल्या मोठ्या गोगलगाईसारखा एक मऊ प्राणी सरपटत असतो. डोक्यावर सशाच्या कानांसारखी दोन शिंगे असल्यामुळे त्याला समुद्रससा म्हणतात. तो विषारी आहे, हे रोमन लेखक प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच लिहून ठेवले होते. हवाई विद्यापीठातील पॉल शॉयर आणि त्यांचे सहकारी कातो यांनी १९७४ साली अशाच एका समुद्रसशातून एक जहाल द्रव्य वेगळे केले आणि प्राण्याच्या नावावरून त्याचे नामकरण ॲप्लिसियाटॉक्सिन असे केले. पण त्याच विद्यापीठातील रिचर्ड मूर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली त्याचेच जवळचे भावंड लिंग्बियातून काढून दाखविले. तेव्हा कोडे उलगडले. समुद्रससा विष बनवीत नव्हता. तो नील-हरित जीवाणू चरत होता आणि त्यांचे विष स्वतःच्या अंगात साठवून आपली अब्रू राखीत होता.

मूर यांनी ते द्रव्य शोधले ते त्वचेच्या दाहासाठी नव्हे. उंदरांतील रक्ताच्या कर्करोगावर त्याचा परिणाम दिसला होता, म्हणून. आशा मोठी होती. परंतु पुढे १९८० च्या दशकात असे आढळले की, या कुळातील द्रव्ये त्वचेवर गाठी वाढविण्यास साहाय्य करतात. ज्याच्याकडे औषध म्हणून पाहिले ते रोगाचे मदतनीस निघाले. विज्ञानाच्या इतिहासात असे पराभव वारंवार येतात आणि पुस्तकांतून ते वारंवार गाळले जातात. आम्ही येथे तो मुद्दाम सांगतो; कारण ज्याने पराभव लपविला त्याच्या विजयावर विश्वास ठेवणे कठीण असते.

याच सुमारास आपल्या हिंदी महासागरात दुसरी एक कथा आकार घेत होती. मॉरिशस बेटाचे नाव मराठी माणसाला अगदीच परके नाही. १८३४ नंतर मजूर म्हणून तेथे नेल्या गेलेल्या लोकांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे नांदतात आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते. या बेटाभोवतीच्या समुद्रातून १९७२ साली अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाचे जॉर्ज पेटिट यांच्या पथकाने डोलाबेला ऑरिक्युलॅरिया जातीचे समुद्रससे गोळा केले. त्यांच्या अर्कात कर्कपेशींना मारण्याची विलक्षण शक्ती होती. ती शक्ती कोणत्या द्रव्याची, हे ठरविण्यास पेटिट यांना १५ वर्षे लागली. १९८७ साली त्यांनी त्या द्रव्याची रचना जाहीर केली. त्याचे नाव डोलास्टॅटिन १०.

पंधरा वर्षे का लागली? सुमारे १०० किलो समुद्रसशांतून जेमतेम १ मिलिग्रॅम द्रव्य हाती येत होते. कापसाचा एक मोठा गठ्ठा पिंजावा आणि त्यातून तिळाच्या दाण्याहूनही लहान असे काहीतरी निवडून काढावे, आणि तेही त्याचे रूप ठाऊक नसताना, असा हा प्रकार होता. या हिशेबाने एकेका रोग्यासाठी समुद्र खरवडून काढावा लागला असता. पण रचना कळली की निसर्गावरचा भार हलका करता येतो. १९८९ साली पेटिट यांनी तेच द्रव्य प्रयोगशाळेत साध्या घटकांपासून बांधून दाखविले. त्यानंतर समुद्रसशाची गरज उरली नाही.

हे द्रव्य करते तरी काय? ते वर्ध्याच्या माणसाला समजावून सांगणे सोपे आहे, कारण चरखा आणि टकळी या गावाच्या अंगवळणी पडलेल्या आहेत. पेशी जेव्हा दोन होते तेव्हा तिच्या आत बारीक तंतूंची एक चाती तयार होते. हे तंतू गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढून समसमान वाटणी करतात. आपल्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत या तंतूंना तर्कुतंतू असेच नाव आहे; तर्कू म्हणजे चाती. डोलास्टॅटिन हे सूत धरूच देत नाही. पेळूतून धागा निघण्यापूर्वीच तो तुटतो, वाटणी अडते आणि पेशी मरते. कर्कपेशी सारख्या विभागत असतात, म्हणून त्यांना हा घाव अधिक लागतो. येथे आणखी एक योगायोग पाहावा. आपल्या अंगणातील सदाफुलीपासून १९५० च्या दशकाच्या अखेरीस व्हिन्ब्लास्टिन हे औषध निघाले, तेही याच तंतूंवर घाव घालते. अंगणातले फुलझाड आणि समुद्रतळाचा जीवाणू, दोघांनी एकमेकांस कधी पाहिले नाही. पण शत्रूचे मर्म दोघांनाही तेच सापडले.

आता प्रश्न श्रेयाचा. डोलास्टॅटिनची घडण पाहणाऱ्या जाणकारांना ती प्राण्याच्या हातची वाटत नव्हती. ॲप्लिसियाटॉक्सिनचा धडा ताजा होताच. १९९८ साली मूर यांच्या गटाने ग्वाम बेटाजवळच्या सिम्प्लोका नावाच्या नील-हरित जीवाणूतून डोलास्टॅटिनचे अगदी निकटचे भावंड काढले, आणि २००१ साली पलाऊच्या समुद्रातील सिम्प्लोकामधून प्रत्यक्ष डोलास्टॅटिन १० च बाहेर आले. त्याचे प्रमाण समुद्रसशातील प्रमाणाहून पुष्कळ अधिक होते. मूळ कारागीर सापडला. तीस वर्षे नाव समुद्रसशाचे होते, श्रम जीवाणूचे होते. समाजातही असे घडते. माल ज्याच्या दुकानात दिसतो त्याचे नाव होते. विणणारा मागावरच राहतो.

परंतु कारागीर सापडेपर्यंत औषधाची दशा वाईट झाली होती. १९९० च्या दशकात डोलास्टॅटिन १० रोग्यांना देऊन पाहण्यात आले. ते जहाल होते. झेपेल एवढ्या मात्रेत त्याचा म्हणण्यासारखा गुण दिसेना. येथे कथा संपावयाची. ती संपली नाही, याचे कारण एक साधा विचार. विष फार तीव्र असेल तर ते सर्व शरीरभर सांडू नये. ते पत्ता लिहून नेमक्या घरी पाठवावे. आपले शरीर प्रतिपिंडे नावाची प्रथिने बनविते. प्रत्येक प्रतिपिंड एका विशिष्ट खुणेलाच जाऊन चिकटते. हॉजकिन नावाच्या लसिका-कर्करोगातील पेशींवर सीडी-३० नावाची खूण असते. त्या खुणेला चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला डोलास्टॅटिनच्या धर्तीवर कृत्रिम रीतीने बनविलेले एक द्रव्य बारीक दुव्याने जोडले. प्रतिपिंड कर्कपेशीत शिरले की दुवा तुटतो आणि विष आतच मोकळे होते. या औषधाचे नाव ब्रेन्टुक्सिमॅब व्हेडोटिन. अमेरिकेत त्याला ऑगस्ट २०११ मध्ये मान्यता मिळाली. त्याच विषाचा भार वाहणारी आणखी काही औषधे २०१९ पासून पुढे मान्य झाली आहेत. मॉरिशसच्या समुद्रापासून रोग्याच्या खाटेपर्यंत यावयास १९७२ ते २०११ अशी ३९ वर्षे लागली.

आता आपण घरच्या अंगणात येऊ. या सर्व कथेत आपण कोठे होतो? आपण अगदीच झोपलो नव्हतो, हे प्रथम सांगितले पाहिजे. १९३६ साली एस. सी. दीक्षित यांनी मुंबई इलाख्यातील नील-हरित शैवालांवर आपला निबंध प्रसिद्ध केला. १९५९ साली मद्रासचे टी. व्ही. देशिकाचारी यांचा 'सायनोफायटा' हा महाग्रंथ भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने काढला. या विषयाचा जगातील कोणताही अभ्यासक त्याला ओलांडून पुढे जात नाही. आपल्या शेजारी नागपूरला एन. डी. कामत यांनी गावोगावच्या पाण्याचे नमुने तपासून १९७५ साली विदर्भातील शैवालांची सूची मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या नियतकालिकात दिली. १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. तेथील देवासी, भट्टतिरी आणि कासिम यांनी १९७८ साली ट्रायकोडेस्मियम या सागरी नील-हरित जीवाणूचा गोव्यानजीकच्या समुद्रात उन्हाळ्यात होणारा प्रचंड बहर कसा येतो आणि कसा ओसरतो, याचा अभ्यास मांडला. लाकडाचा भुसा पाण्यावर पसरावा तसा तो दिसतो. तांबड्या समुद्राला त्याचे नाव याच जीवाच्या रंगामुळे पडले असावे, असे मानणारे पुष्कळ आहेत.

आणि सर्वांत बोधप्रद गोष्ट तमिळनाडूतील आहे. १९९१ साली केंद्र शासनाच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने सागरी सायनोबॅक्टेरियांचे एक राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. ते कोठे असावे? समुद्रकाठच्या बंदरात नव्हे, तर कावेरीकाठी, किनाऱ्यापासून आत असलेल्या तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठात. तेथे भारताच्या किनाऱ्यांवरून आणलेले हे जीव नळ्यांतून जिवंत ठेवले जातात. समुद्राचा अभ्यास करण्यास दारात समुद्र असावा लागत नाही. जिज्ञासा आणि चिकाटी असावी लागते. हे वाक्य समुद्रपूर तालुक्याच्या शाळांतील मुलांनी ऐकावे, अशी आमची इच्छा आहे.

म्हणजे आपण नावे ठेवली, याद्या केल्या, जीव सांभाळले. पण ओळखलेल्या जीवापासून शुद्ध द्रव्यापर्यंत आणि द्रव्यापासून औषधापर्यंतची जी ३९ वर्षांची वाट आहे, ती चालावयास लागणारा धीर आणि पैसा आपण पुरेसा लावलेला नाही. याचा परिणाम सेवाग्रामच्या रुग्णालयात दिसतो. सदाफुलीचे औषध जुने झाले, त्यावरील मक्तेदारी संपली, म्हणून ते गरिबालाही मिळते; आणि हॉजकिनच्या बहुसंख्य रोग्यांना त्याच्यासह दिल्या जाणाऱ्या जुन्या औषधांनीच बरे वाटते, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ज्यांचा रोग उलटतो त्यांना समुद्राकडून आलेले नवे औषध हवे असते, आणि त्याची किंमत अल्पभूधारक शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची आहे. घरातील तरुण मुलगा या रोगाने पडावा, जगात औषध असावे आणि बापाला शेत विकूनही ते पुरेसे घेता येऊ नये, हे दुःख औषध नसण्याच्या दुःखाहून वेगळे आणि अधिक बोचणारे आहे. विज्ञानाचा इतिहास शोध लागला तेथे संपवावयाचा नसतो. तो शेवटच्या माणसापर्यंत पोहोचला की नाही, हे पाहून संपवावयाचा असतो. या गावाने तरी तो मापदंड विसरू नये.

मग आपण काय करावे? आम्हांस तीन गोष्टी सुचतात. पहिली सावधगिरीची. ही कथा ऐकून कोणी तळ्यातील शेवाळ औषध म्हणून पोटात घेऊ नये. द्रव्य निराळे, मात्रा निराळी आणि मध्ये ३९ वर्षांची परीक्षा आहे. उलट उन्हाळ्यात ज्या तळ्यावर हिरव्या रंगासारखा दाट थर येतो तेथे गुरांना पाणी पाजू नये. अलेक्झांड्रिना सरोवराचा धडा आपल्या गोधनालाही लागू आहे. दुसरी गोष्ट नोंदीची. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकांची नोंदवही ठेवावयाची आहे. तिच्यात वाघ, मोर, सागवान यांची नावे येतात. धाम नदीच्या डोहातील आणि बोर धरणाच्या काठावरील सूक्ष्म जीवांची येत नाहीत. आपल्या महाविद्यालयांनी कामतांचे काम जेथे थांबले तेथून उचलावे. ज्याची नोंद नाही त्यावर उद्या हक्कही सांगता येत नाही. तिसरी गोष्ट मागणीची. जनतेच्या पैशाने होणारे संशोधन जनतेला परवडेल अशा औषधात उतरावे, ही मागणी आपण आपल्या प्रतिनिधींपुढे सतत ठेवली पाहिजे. ती मागणी करणारा नागरिक अडाणी असून चालत नाही. म्हणूनच अशा व्याख्यानांचा प्रपंच.

असो. समुद्रपुराला ते नाव का पडले, हे सांगण्याचा आमचा दावा नाही. पण उद्या त्या तालुक्यातील एखादा रोगी सेवाग्रामच्या खाटेवर बरा होऊन उठेल आणि त्याच्या नसांतून गेलेल्या औषधाचे मूळ हिंदी महासागराच्या तळाशी असेल. त्याने घरी परतताना ते औषध कर्ज न काढता मिळाले, असे म्हणता यावे. तसे म्हणता येईल त्या दिवशी या कथेचा शेवट झाला असे आम्ही समजू. तोपर्यंत ती अर्धीच आहे, आणि उरलेली अर्धी आपणां सर्वांच्या हाती आहे.